आकाशातल्या अनोळखी वस्तूंचा तपास लष्कराकडंच का? (चर्चा)

गोदाकाठ_पैठण:
२०२४ च्या पावसाळ्यात बीड-जालन्याकडं रात्रीचे ड्रोन फिरायलेत म्हणून गावंच्या गावं काठ्या घेऊन जागत होती, आठवत असंल सगळ्यांना. आमच्या पाहुण्यांच्या वस्तीवर बाया लाईट बंद करून, लेकरं आत घेऊन बसायच्या, कुणी म्हणे चोरांची टेहळणी, कुणी म्हणे सर्वे चालूय, पण हे नेमकं काय होतं ते समजावून सांगायला त्या वस्तीवर कुणीच आलं नाही. तेव्हापासून मी हा विषय वाचायलोय आणि माझं ठाम मत झालंय की असला तपास एकट्या लष्कराच्या हातात असू नये. लष्कराचा प्रश्न एकच, देशाला धोका हाय का? नाही म्हणलं की फाईल बंद. ज्यानं बघितलं त्याचा प्रश्न मात्र तसाच ऱ्हातो.

अमेरिकेच्या हवाईदलाचं, आभाळातल्या अनोळखी वस्तूंच्या तपासाचं प्रोजेक्ट ब्लू बुक बघा. १९५२ ते १९६९ चाललं, १२,६१८ नोंदी आल्या, त्यातल्या ७०१ शेवटपर्यंत 'अनोळखी'च. त्यांचे सल्लागार होते खगोलशास्त्रज्ञ जे. ॲलन हायनेक. १९६६ ला मिशिगनमध्ये लोकांनी दिवे बघितले तर ह्यांनी त्यातल्या काहींना दलदलीतला वायू म्हणलं, लोक भडकले. तेच हायनेक पुढं म्हणायला लागले की हवाईदलाचा तपास शास्त्राला धरून नव्हता, आणि १९७३ ला त्यांनी स्वतःचं केंद्र काढलं. आत बसलेला माणूसच असं म्हणत असंल तर अजून काय पाहिजे? फ्रान्सनं १९७७ पासूनच हे काम त्यांच्या अंतराळ संस्थेकडं दिलंय, केसेस वेबसाईटवर टाकतेत, कुणीबी वाचावं. आपल्याकडं असं का नको?

फौजी_उदगीर:
दादा, मान ठेवून बोलतो पण पटलं नाही. मी सीमेवर नोकरी केलीय. रात्री आभाळात काही हललं तर पहिला विचार हाच येतो की समोरच्यानं काय सोडलंय, शास्त्रज्ञ नंतर. आणि कुठल्या रडारला काय दिसलं हे तुम्ही वेबसाईटवर टाकलं म्हणजे काय दिसत नाही तेबी शत्रूला सांगितलं. अमेरिकेचं यू-२ हे गुप्त टेहळणी विमान घ्या. १९५५ पासून ६० हजार फुटांच्या वर उडायचं, तेव्हा प्रवासी विमानं त्याच्या कितीतरी खाली असायची, संध्याकाळी खाली अंधार पडला तरी वर त्याच्या चंदेरी पत्र्यावर ऊन चमकायचं. लोकांनी उडत्या तबकड्या दिसल्या म्हणून कळवलं. त्यांच्या गुप्तचर संस्थेनं, सीआयएनं, १९९७ ला स्वतःच छापलं की १९५० च्या दशकाअखेरीच्या आणि साठच्या दशकातल्या निम्म्याहून जास्त नोंदी असल्या टेहळणी विमानांच्या होत्या. ब्लू बुकवाल्यांना माहीत होतं, पण सांगता येत नव्हतं. सांगितलं असतं तर तेव्हाच्या रशियाला आयतं मिळालं असतं. गप्प ऱ्हाणं हीबी ड्युटीच हाय.

गोदाकाठ_पैठण:
फौजीभाऊ, गप्प ऱ्हायले असते तर माझं काही म्हणणं नव्हतं. गप्प ऱ्हायले नाहीत ना. बर्फाचे कण, हवेच्या तापमानातला फरक असली खोटी कारणं दिली, आणि १९५३ च्या सीआयएनं नेमलेल्या रॉबर्टसन समितीनं तर लोकांची ह्यातली गोडीच कमी करायचा सल्ला दिला. मग पुढं खरं सांगितलं तरी कोण मानंल? अमेरिकेतल्या रॉजवेलजवळ सापडलेल्या अवशेषांचं तसंच झालं. १९४७ ला आधी तबकडी म्हणले, मग हवामानाचा फुगा म्हणले, आणि १९९४ ला सांगितलं की तो रशियाचे अणुस्फोट ऐकायच्या गुप्त प्रोजेक्ट मोगलचा फुगा होता. आज लोकांचा त्याच्यावरबी विश्वास नाही, आणि त्यात लोकांची चूक नाही.

जालनेकर_भाऊ:
तुम्ही दोघं मुद्दा सोडून बोलायलेत. २००४ मध्ये अमेरिकेच्या नौदलाच्या निमित्झ जहाजावरून उडालेल्या वैमानिक कमांडर फ्रेवरनं पांढरी, ना पंख ना धूर अशी वस्तू डोळ्यांनी बघितली. २०२१ च्या अमेरिकी सरकारी अहवालात १४४ नोंदी, उलगडा फक्त एकीचा, तो फुगा. २०२३ ला ग्रुश नावाच्या माजी गुप्तचर अधिकाऱ्यानं तिथल्या संसदेच्या समितीपुढं शपथेवर सांगितलं की परक्या यानांचे अवशेष ठेवलेत. एवढे शिकलेले, ट्रेनिंग झालेले लोक खोटं कशाला बोलतील? मला तर वाटतं त्यांना माहितेय आणि सांगायचं नाही.

नांदेडची_मास्तरीण:
खोटं बोलतात असं कुणी म्हणत नाहीये. पण ग्रुश यांनी स्वतः यान बघितल्याचं सांगितलं नाही, इतरांकडून ऐकलेलं सांगितलं, आणि मार्च २०२४ मध्ये पेंटागॉनच्याच, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या कार्यालयाने जुने सगळे कार्यक्रम तपासून परग्रहाचा पुरावा नाही असं लिहिलं. अमेरिकी नौदलाच्या 'गो फास्ट' नावाच्या व्हिडिओत वस्तू समुद्रालगत सुसाट जाताना दिसते, हिशोब केल्यावर ती १३ हजार फुटांवर निघाली, सुसाट वाटलेला वेग कॅमेरा असलेल्या विमानाचा होता. एसटीच्या खिडकीतून जवळचं झाड पळताना दिसतं ना, तेच.

आणि गोदाकाठ, तुमचंही पटत नाही. २०१२-१३ मध्ये लडाखच्या पँगाँग तलावाकडे आपल्या जवानांनी ३२९ वेळा उजेड दिसल्याची नोंद केली, चीनचे ड्रोन असतील म्हणून. सैन्यानेच खगोलशास्त्रज्ञांना बोलावलं आणि ते निघाले गुरू आणि शुक्र. म्हणजे गरज पडली की विचारतातच की. वेगळं खातं काढायला आपल्याकडे माणसं आहेत कुठे? इथे हिंगोलीकडे औंढ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो वेधशाळा उभी राहतेय, त्यासाठी पोरं तयार करायची आहेत. २ एप्रिल २०२२ ला चिनी रॉकेटचे तुकडे जळत गेले तेव्हा माझे विद्यार्थी रात्रभर फोन करत होते, आणि दुसऱ्या दिवशी चंद्रपूरकडे सापडलेल्या धातूच्या रिंगचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर होता. उत्तर मिळतं, थोडी कळ काढावी लागते.

गोदाकाठ_पैठण:
मॅडम, लडाखचं उदाहरण माझ्याच बाजूचं हाय. जवानांनी वेळ आणि दिशा लिहून ठेवली म्हणून शास्त्रज्ञांना शुक्र ओळखता आला, नोंदच दाबली असती तर आजबी ते चिनी ड्रोनच ऱ्हायले असते. आता इंफाळ बघा, १९ नोव्हेंबर २०२३, विमानतळावर काहीतरी दिसलं म्हणून विमानं अडकली, राफेल पाठवले, आणि हवाईदलानं शेवटी सांगितलं काय तर ती छोटी वस्तू नंतर दिसली नाही. एवढंच! शेकडो प्रवासी बसून ऱ्हायले, त्यांना तरी सांगायचं. मी नवीन खातं मागतच नाही. ब्रिटननं २००८ पासून त्यांच्या संरक्षण खात्याच्या जुन्या फायली हळूहळू खुल्या केल्या, तसं काही वर्षांनी करा एवढंच म्हणायलोय.

फौजी_उदगीर:
काही वर्षांनी म्हणत असाल तर माझी हरकत नाही. पण रडारचे आकडे, ठिकाण, कुठली तुकडी हे सगळं काढून मगच.

गोदाकाठ_पैठण:
आकडे अन् ठिकाणच काढलं तर मॅडमसारख्यांनी तपासायचं काय, कोरा कागद? वेळ, दिशा आणि उंची तरी ठेवाच, त्याच्याखाली मी येणार नाही.

फौजी_उदगीर:
वेळ-दिशा घ्या. उंची नाही. उंची सांगितली की रडार कळतं.