रविवारचं जेवण: तलवार माशाच्या १२ तुकड्यांचं काय करायचं?

टिळकवाडी काकू, शुक्रवार, सकाळी ७.४०

सगळ्यांना नमस्कार. बेळगावातल्या आपल्या मंडळाच्या रविवारच्या स्नेहसंमेलनासाठी खुर्च्यांचं आणि मांडवाचं ठरलंय, त्यावर आता मेल नकोत. माझी अडचण वेगळी आहे.

भावजींनी गोव्याहून येताना थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून स्वॉर्डफिश आणला, म्हणजे तलवार मासा. १४ तुकड्या, दोन-दोनच्या हवाबंद पिशव्या, गोठवलेल्या. एकेक तुकडी पाव किलोची आणि चांगली सव्वा इंच जाड. काल एक पिशवी सोडून बघितली. सुरमईला लावते तसंच मीठ, हळद, तिखट आणि आगळ (कोकमाचा आंबट रस) लावलं, फक्त जाड आहे म्हणून रात्रभर मुरवलं. मग रवा लावून मंद आचेवर १५ मिनिटं भाजलं.

बाहेरून खडूसारखा भुसभुशीत आणि आत कोरडा ठाक. एक तुकडी तर तव्यावर वाटीसारखी वळली, मधला भाग तव्याला टेकलाच नाही. सासूबाईंनी दोन घास खाल्ले आणि ताट बाजूला केलं. एवढ्या लांबून आणलेला मासा, जीव हळहळला.

१२ तुकड्या उरल्यात. माणसं २६. सरळ आमटी करून टाकू का? उद्या संध्याकाळपर्यंत सांगा.

शहापूरचे काका, शुक्रवार, सकाळी ८.२५

वहिनी, आमटी करू नका. या माशाचं मांस घट्ट असतं, रश्श्यात उकळत ठेवलं की आणखी आवळतं.

चूक आगळाची आहे. आंबट पदार्थ माशावर जास्त वेळ राहिला की विस्तवाशिवायच वरचा थर शिजल्यासारखा पांढरा होतो. सुरमईच्या पातळ तुकडीला आपण पंधरा-वीस मिनिटं लावतो म्हणून ते निभतं. रात्रभर म्हणजे फार झालं. आगळ, लिंबू, चिंच, जे काही असेल ते तव्यावरून उतरवल्यावर.

मागच्या स्नेहसंमेलनातही सुरमईचं हेच झालं होतं, तेव्हा मी बोललो होतो.

हिंदवाडीची वहिनी (कातानियावाली), शुक्रवार, सकाळी ९.१०

काकू, मी या सुट्टीत सासरीच आहे, तुमच्यापासून दहा मिनिटांवर. हा मासा मी इटलीतल्या सिसिली बेटावर, कातानिया शहरात नऊ वर्षं शिजवला, म्हणून सविस्तर लिहिते.

कातानियाच्या मासळी बाजारात तलवार माशाचं डोकं फळीवर उभं ठेवतात, तलवार आभाळाकडे. शेजारी मधला गोल भाग, त्यातून तुमच्यासमोर तुकडी कापून देतात. मेसिनाच्या सामुद्रधुनीत तर या माशासाठी उंच डोलकाठीच्या खास होड्या असतात. वर बसलेला माणूस मासा हेरतो आणि पुढच्या लांब फळीवरून भाला टाकतात. तिथल्या बायका या माशाला एकच गोष्ट कधी करत नाहीत, ती म्हणजे जास्त शिजवणं.

तुकडी वळली ती कातडीमुळे. कातडी जाड असते, तापली की आखडते आणि मांसाला ओढून घेते. धारदार सुरीनं कडेची कातडी आधीच काढून टाका. मधला काळपट लाल पट्टा उग्र लागतो, नको असेल तर तोही काढा. पट्टा लाल असेल तर मासा चांगला, तपकिरी पडला असेल तर जुना.

आता कृती. शनिवारी रात्री पिशव्या कापून उघडा, तुकड्या ताटात ठेवून झाका आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सुटू द्या. कोमट पाण्यात घालू नका, सगळा रस वाहून जातो. करायच्या अर्धा तास आधी फक्त मीठ. पाणी सुटेल ते कापडानं अगदी कोरडं टिपायचं, ओल्या माशाला रंग येत नाही. बिडाचा तवा धूर निघेपर्यंत तापवा, शेंगतेलाचं बोट फिरवा, एका बाजूला चार मिनिटं, दुसऱ्या बाजूला चार, मध्ये हलवायचं नाही. रवा नको. रव्याचा थर सोनेरी व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात आतला रस आटतो. माझ्याकडे स्वयंपाकाचा थर्मामीटर आहे. मध्यभागी ६० अंश झालं की उतरवायचं, ताटात पाच मिनिटं झाकून ठेवलं की ते ६३ वर येतं. ६३ आलं का ते पुन्हा खुपसून बघायचं, नसेल तर अर्धा मिनिट परत तव्यावर.

वरून साल्मोरील्यो. अर्धी वाटी ऑलिव्ह तेल, दोन लिंबांचा रस, ठेचलेला लसूण, चमचाभर सुका ओरेगानो, मीठ, दोन चमचे गरम पाणी. सगळं घट्टसर होईपर्यंत फेटायचं आणि गरम तुकडीवर ओतायचं. मासा ते पिऊन घेतो.

खानापूरची मावशी, शुक्रवार, सकाळी १०.०५

वहिनी, तुमचं वाचून समाधान वाटलं. पण बेळगावात मंडळी जेवायला बसणार आणि पानात सोलाची चव नाही, हे मनाला पटत नाही बघा.

मासा तुमच्या पद्धतीनं भाजा. वर घालायला मी सांगते ते करा. एका नारळाचं दाट दूध, सहा-सात आमसुलं, चार लसूण पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या आणि आठ-दहा तिरफळं. तिरफळाचं काळं बी काढून टाकायचं, नुसती साल घ्यायची, ती बत्त्यानं जराशी चेचायची. वाटायची नाही, वाटली की कडवट होते. दूध मंद आचेवर गरम करायचं, उकळी फुटू द्यायची नाही, नाहीतर फाटतं. आमसुलं शेवटी. भांडं स्टीलचं घ्या किंवा मातीचं. ॲल्युमिनियमच्या भांड्यात सोलं घातली की चव बिघडते. आमच्या खानापूरच्या कुंभारांचं मातीचं भांडं असेल तर त्यातच करा, आच हळू लागते.

निपाणीचा दादा, शुक्रवार, सकाळी १०.४०

मावशी, तिरफळ बांगड्याला आणि तारलीला. त्या माशांचा वास उग्र, म्हणून ते शोभतं. या माशाला स्वतःची सौम्य गोडी आहे, तिरफळानं ती मरून जाईल. आमच्या घरात तिरफळ येत नाही, संकेश्वरी मिरची आणि लसणाचा ठेचा असतो. तोच पातळ करून वर घातला तर?

खानापूरची मावशी, शुक्रवार, सकाळी ११.१५

दादा, तिरफळ वासावर उतारा म्हणून घालत नाहीत. तिरफळाची स्वतःची चव आहे, जिभेला हलकी झिणझिणी येते, म्हणून घालतात. माझ्या आईनं पापलेटच्या हुमणातसुद्धा दोन तिरफळं घातलेली मी बघितली आहेत. आणि तलवार मासा पापलेटसारखा सौम्य नाही. त्यात तेल बऱ्यापैकी असतं, तो तिरफळाला पेलतो. संकेश्वरीचा ठेचा मात्र खरोखर त्याला मारेल. भाकरीवर घ्या की ठेचा.

मस्कतहून भाऊ, शुक्रवार, दुपारी १२.३०

मी या वेळी येऊ शकलो नाही, मन तिकडेच आहे.

माणसं २६ आणि तुकड्या १२, हा हिशेब कोणीच केला नाही. तुर्कस्तानात हा मासा इंच-इंच चौकोन कापून सळईवर भाजतात. मध्ये तमालपत्र, लिंबाची चकती, टोमॅटो, ढब्बू मिरची. अंगणात निखारे करा, डिसेंबरच्या थंडीत मंडळी शेकोटीभोवती येतील तशी येतील. चौकोन केले की सगळ्यांना पुरतं. मांस घट्ट असल्यामुळे सळईवरून निसटत नाही. सुरमईला हे जमत नाही.

शहापूरचे काका, शुक्रवार, दुपारी १.००

भाऊ, चौकोन केले की चारी बाजूंनी आच लागते आणि मासा दुप्पट वेगानं कोरडा होतो. २६ जणांच्या गडबडीत निखाऱ्यांवर कोण लक्ष ठेवणार? तुकडी अखंड भाजावी आणि नंतर कापून वाढावी.

शिवाय मार्गशीर्ष चालू आहे. रविवारी खरोखर किती जण मासा खाणार, ते आधी विचारा.

वडगावची आत्या, शुक्रवार, दुपारी १.२०

आमच्याकडे मार्गशीर्षातले फक्त गुरुवार पाळतात. माहेरी पूर्ण महिना पाळायचे, आणि चंपाषष्ठीपर्यंत तर कांदा-लसूणही नसायचा. ज्याच्या त्याच्या घरची रीत आहे, कोणी कोणाला विचारू नये. मी खाणार आहे. भाकऱ्या तांदळाच्या करणार की ज्वारीच्या, ते कळवा. पीठ आजच दळून आणते.

अनगोळची ताई, शुक्रवार, दुपारी ३.४५

चव कशी आणायची ते ठरेल, पण एक गोष्ट कोणीच लिहिली नाही आणि ती सगळ्यांत महत्त्वाची आहे. माझी धाकटी जाऊ सहाव्या महिन्यात आहे आणि रविवारी चार लहान मुलं येणार आहेत. या पाच जणांच्या पानात हा मासा पडता कामा नये.

तलवार मासा मोठा शिकारी मासा आहे. वर्षानुवर्षं लहान मासे खातो आणि त्यांच्यातला पारा त्याच्या मांसात साठत जातो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं तपासलेल्या माशांत तलवार माशात पाऱ्याचं सरासरी प्रमाण दर दशलक्ष भागांत ०.९९५ आहे. तारलीच्या जातीच्या माशांत ते ०.०१३ आहे. गरोदर बायकांनी, अंगावर पाजणाऱ्यांनी आणि लहान मुलांनी टाळायच्या त्यांच्या यादीत तलवार मासा, शार्क आणि मार्लिन एकत्र आहेत. शार्क म्हणजे आपली मुशी. तळला, उकळला, कातडी काढली, तरी पारा जात नाही, कारण तो मांसातच बांधलेला असतो. मोठ्यांनी एखाद्या रविवारी खाल्ला तर घाबरायचं कारण नाही.

हे मी एवढ्या आग्रहानं लिहिते, कारण माझ्या पहिल्या वेळी घरातल्या सगळ्यांनी "मासा खा, बाळाचा मेंदू चांगला होतो" म्हणून मोठ्या माशाच्याच तुकड्या पानात वाढल्या होत्या. प्रेमानंच वाढल्या होत्या. पण कोणता मासा, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

जावेला आणि मुलांना तारली किंवा कोळंबी करू. मी स्वतः कॅम्पातल्या मासळी बाजारातून आणते.

मंडळाच्या स्वयंपाकाची जबाबदारी असलेल्या काकी, शुक्रवार, सायंकाळी ५.३०

मासळीचं जेवण ठरवायचं काम सभेनं माझ्याकडे दिलंय, म्हणून मी बोलते. कोणी रागवू नये.

ताईंचं म्हणणं पूर्ण मान्य. यादी बघून मोजलं. २६ पैकी ७ जण शाकाहारी, ताईंच्या जाऊबाई आणि ४ मुलं वजा केली की मासा खाणारे १४. १२ तुकड्या म्हणजे ३ किलो, कातडी गेली तरी भरपूर. भाऊंची पुरण्याची काळजी मिटली.

शाकाहारींचे तवे, पळ्या आणि तेल वेगळं, ते घराच्या मागच्या ओट्यावर. तिथे मासळीचं काहीही जाणार नाही, हे मी उभी राहून बघणार आहे.

भाकऱ्या तांदळाच्या. जेवणात बेळगाव बासमतीचा भात, सोलकढी आणि रताळ्याचे काप. या दिवसांत आपल्या पश्चिमेकडच्या गावांतली रताळी काय सुंदर असतात! पातळ काप, मीठ-तिखट, तव्यावर थोडं तेल. त्यांची गोडी या माशाला फार छान जाईल.

वरचं कोणतं करायचं ते टिळकवाडी काकूंनी स्वतः करून ठरवावं. त्यांच्या घरी, त्यांच्या तव्यावर होणार आहे.

टिळकवाडी काकू, शनिवार, दुपारी २.१५

काल संध्याकाळीच आणखी एक पिशवी फ्रिजमध्ये सोडायला ठेवली होती. सकाळी हिंदवाडीची वहिनी थर्मामीटर घेऊन आली. दोन तुकड्या केल्या.

कातडी काढली, मीठ अर्धा तास, टिपून कोरड्या केल्या, बिडाचा तवा. चार-चार मिनिटांत ५७ आलं, म्हणून आणखी एक मिनिट. उतरवली, झाकली, पाच मिनिटांनी ६३. कापली तर आत ओलसर, पदर सुटतायत, आणि वर असा तांबूस रंग की मी दोनदा बघितलं. कालचाच मासा आहे यावर विश्वास बसेना. सासूबाईंनी अर्धी तुकडी एकट्यांनी खाल्ली.

एकीवर साल्मोरील्यो, दुसरीवर मावशींचं सोलाचं. तिरफळ आठच्या जागी पाच घातली. दादा, तुम्हाला वाटलं तसं झालं नाही, माशाची गोडी तशीच राहिली. पण लिंबाचंही उत्तम झालंय. त्यामुळे दोन्ही करणार, वेगळ्या वाडग्यांतून. ज्याला जे हवं ते वरून घ्यावं.

वहिनीनं एक तिसरंही सांगितलंय. तिकडे टोमॅटो, कांदा, ऑलिव्ह आणि खारवलेल्या केपरच्या कळ्या घालून दाट रस करतात. केपर इथे कुठे शोधायचे? मग मला खारातली करवंदं आठवली. कच्ची करवंदं मिठाच्या पाण्यात मुरवलेली, तशीच खारट-आंबट. बारीक चिरून टोमॅटोच्या रसात घातली तर काय होईल, हे मला बघायचंच आहे. पण माझी बरणी गणपतीतच संपली.

१० तुकड्या उरल्या. अडीच किलो, चौदा जणांना पुरे. ताई, तारली साफ करूनच आणा, माझ्याकडे उद्या सकाळी विळी मोकळी नसेल.

निपाणीचा दादा, शनिवार, दुपारी ३.००

पाच तिरफळं ठीक आहेत. ठेचा मी घेऊन येतोच, भाकरीबरोबर.

मस्कतहून भाऊ, शनिवार, दुपारी ३.२०

फोटो टाका. निखारे पुढच्या वर्षी मी स्वतः करतो.

अनगोळची ताई, शनिवार, दुपारी ४.१०

तारली साफ करूनच आणते. आणि कृपा करून मुलांचं ताट आधी वाढा, वेगळ्या भांड्यातून. मोठ्यांच्या ताटातला घास कोणी त्यांना भरवू नये.

खानापूरची मावशी, शनिवार, सायंकाळी ६.००

काकू, करवंदं आहेत माझ्याकडे. मे महिन्यात रानातून आणलेली, हिरवीच खारवली होती, अजून कडक आहेत. पुतण्या उद्या सकाळच्या गाडीनं बेळगावला येतोय, त्याच्याजवळ देते. चिरण्याआधी अर्धा तास साध्या पाण्यात घाला, मीठ फार आहे, आणि मग टोमॅटोत वेगळं मीठ घालू नका. बरणी आईची आहे, चिनी मातीची. झाकणासकट परत पाठवा.