सोसायटीचा ग्रुप, पुणे महापालिकेच्या मतदानाची संध्याकाळ

जोशी काका (बी-४०२): लिफ्टमध्ये आत्ता तीन मुलं भेटली. बोटाला शाई, हातात कॉफी. विचारलं, प्रभागातल्या चार जागांची चार मतं कुणाकुणाला दिलीत? एकालाही चार नावं सांगता आली नाहीत. एक मुलगी म्हणाली, "ते बाकडेवाले." आमच्या वेळी असं नव्हतं. १९७७ ला मी पहिलं मत दिलं. तेव्हा एकवीस पूर्ण लागायची. उमेदवार कोण, कुठल्या तुरुंगात होता, तोंडपाठ असायचं.

शिंदे वहिनी (ए-२०१): विषय निघालाच आहे तर, गेटवरच्या कॅमेऱ्यांचं बिल कुणी भरलं?

तन्मय (बी-३०३): काका, ती मुलगी माझी बहीण 😀 आणि २०१७ नंतर पालिकेचं मतदान थेट आत्ता. २०२२ पासून नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. बाकड्यांवर मात्र नावं अजून आहेत. त्यामुळे तेवढंच लक्षात राहिलं.

जोशी काका: नगरसेवक नव्हते म्हणून माहिती घ्यायची नाही? शनिवारवाड्यावर सभा असली की आम्ही मागे उभं राहून दोन-दोन तास ऐकायचो.

तन्मय: याच पुण्याने १९६७ ला खासदार म्हणून समाजवादी एसेम जोशी दिले, १९७१ ला काँग्रेसचे मोहन धारिया, आणि १९७७ ला तेच धारिया जनता पक्षाचे. हे अभ्यास करून, की वारं बघून?

जोशी काका: धारियांनी आणीबाणीला विरोध केला होता. लोकांना ते ठाऊक होतं. आधी वाच, मग टाइप कर.

देसाई मॅडम (ए-५०४): पण काका, आणीबाणीत पेपरांवर सेन्सॉर होता ना? मग ठाऊक कुठून झालं?

जोशी काका: चांगला प्रश्न. आमच्या वाड्यात चोरून छापलेली पत्रकं यायची, इस्त्रीच्या कपड्यांच्या घडीत. एक पान पंधरा जणांत फिरायचं. शेवटच्या माणसाकडे येईपर्यंत अक्षरं पुसलेली. तरी वाचायचो. फुकट मिळत नव्हतं ना, म्हणून.

भोसले (ए-१०३): फुकटवरून आठवलं. काका, काल सकाळी तुम्ही 'चॅलेंज व्होट'चा मेसेज टाकलात. यादीत नाव नसलं तरी आधार कार्ड दाखवा, मत मिळेल. माझ्या भाच्याला पाठवलं. तासभर रांगेत उभा राहिला. तिथल्या बाई म्हणाल्या, यादीत नाव नाही तर मत नाही, असलं काही नसतं.

जोशी काका: मी खाली 'जसं आलं तसं' असं लिहिलं होतं.

भोसले: हो. ते भाच्याने रांगेत वाचलं.

सेक्रेटरी: सर्व सभासदांना नम्र विनंती. उद्या सकाळी ८ ते ११ टाकी धुणार. पाणी भरून ठेवावे 🙏

शिंदे वहिनी: ऑनलाइन आहात ते बरं झालं. चार कॅमेरे. बिल कुणी भरलं?

सेक्रेटरी: वहिनी, तो विषय सभेत घेऊ. ग्रुप माहितीसाठी आहे.

शिंदे वहिनी: माहितीच विचारतेय. प्रचार सुरू व्हायच्या आठवड्यात कॅमेरे लागले आणि नंतर 'आपल्या सोसायटीने एकगठ्ठा विचार करावा' असा मेसेज आला. तुमचाच.

पाटील (बी-१०१): कॅमेऱ्यात माझी स्कूटर कुणी सरकवली ते दिसतं का? म्हणजे बिल कुणीही भरू दे.

तन्मय: मूळ मुद्दा. उमेदवारावर खटले किती, मालमत्ता किती, हे प्रतिज्ञापत्रात लिहून द्यावं लागतं, कारण २००२ ला सुप्रीम कोर्टाने तसा निकाल दिला. १९७७ ला हे मागायची सोय होती का?

जोशी काका: तू किती वाचलीस?

तन्मय: एक. अर्धं. स्कॅन वाकडं होतं.

जोशी काका: 🙂

तन्मय: हसू नका. मतदान केंद्रावर मी तुमच्या मागेच होतो. तीन बटणं दाबून बाहेर कोण निघालं होतं? बीप आला नाही म्हणून परत बोलावलं ना?

जोशी काका: चौथ्या, 'ड' जागेसाठी एकही लायक नव्हता. 'नोटा'चं बटण शोधत होतो. चष्मा घरी राहिला होता.

देसाई मॅडम: पूर्वीचं फार गोड करू नका. पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' असं सांगितलं होतं.

लिमये (ए-३०२): सासूबाई सांगतायत, मी टाइप करतेय. जसंच्या तसं.
"मी पहिलं मत १९५७ ला दिलं. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, वर चित्र. इकडून तीनदा बजावलं होतं, नानासाहेब गोरे, झोपडी, झोपडीत टाक. समोर काकासाहेब गाडगीळ, बैलजोडी. मी बैलजोडीत टाकलं. माहेरची जोडी त्याच वर्षी विकली होती. गाडगीळ कोण, मला पत्ता नव्हता. गोरे निवडून आले. इकडून पेढे आणले. मी दोन खाल्ले."

देसाई मॅडम: 😂😂 आजी!

जोशी काका: आजी, हे अप्पांना कधी सांगितलंत?

लिमये: "नाही रे. तूही कुठे बोलू नकोस."

पाटील: ग्रुपवर ९६ जण आहेत आजी.

शिंदे वहिनी: आजींनी जवळपास सत्तर वर्षांनी का होईना, सांगितलं. सेक्रेटरी साहेब?

सेक्रेटरी: उद्या सकाळी ८ ते ११ टाकी धुणार. पाणी भरून ठेवावे 🙏