पाया उणे २: बाकी −१ येतेय, हा अंक धरायचा कसा?

बाकीशून्य:
पाया २, ८, १६ सगळं करून झालं म्हणून गंमत म्हणून पाया −२ चा (उजवीकडून घरांच्या किमती १, −२, ४, −८...) प्रोग्राम लिहिला, सी मध्ये. नेहमीसारखंच, भागत जायचं आणि बाक्या उलट्या क्रमाने लिहायच्या. १३ दिला तर बाक्या आल्या १, ०, १, −१. आता अंक ० आणि १ च हवेत ना? वैतागून ताळा केला तर १ + ४ + (−१)(−८) = १३, म्हणजे किंमत बरोबरच! मग चुकतंय काय? आणि ऋण संख्येला पुढे उणे चिन्ह लावायचं का?

हातचा_एक:
सी मध्ये भागाकार शून्याकडे कापला जातो रे, म्हणून −१ ला −२ ने भागलं की भागाकार ० आणि बाकी −१. बाकी ऋण आली की तिच्यात २ मिळव आणि भागाकारात १ मिळव, झालं काम. मग अजून एक पायरी पडते आणि १३ = १११०१ येतं, म्हणजे १६ − ८ + ४ + १. पायथॉनमध्ये तर पहिल्याच पायरीला −१ येते, पण इलाज हाच.

उलटीगणती:
चिन्ह लागतच नाही, तीच तर मजा आहे! −१३ = ११०१११. नुसते अंक मोजायचे, विषम असले तर संख्या धन, सम असले तर ऋण. कारण सगळ्यात डावीकडचा १ बाकीच्यांना पुरून उरतो, इथे तो −३२ आणि उरलेल्यांनी कितीही जोर लावला तरी १६ + ४ + १ = २१ च. आणि ३ ची कसोटी इथेही अंकांच्या बेरजेचीच, कारण −२ आणि १ मधला फरक ३. फक्त बेरीज करताना सांभाळ, १ + १ ला हातचा −१ येतो, म्हणून २ लिहायला ११० लागतं. बाय द वे हे काही नवीन खूळ नाही, व्हित्तोरियो ग्रुनवाल्डने १८८५ लाच ऋण पाया मांडला होता.

एक्सॉरवाला:
लूप कशाला पण? आठ बिटांत १७० मिळवा आणि उत्तराचा १७० शीच एक्सॉर घ्या (दोन्हींचे बिट वेगळे तिथे १, सारखे तिथे ०). १३ + १७० = १८३, एक्सॉर केल्यावर २९, आणि २९ चे साध्या बायनरीतले अंक १११०१ च. १७० म्हणजे १०१०१०१०, सगळी ऋण घरं.

बाकीशून्य:
भारी!! पण ८६ दिलं तर १०१०१०१० आलं, ते तर −१७० आहे??

एक्सॉरवाला:
येणारच. आठ बिटांत −१७० ते ८५ एवढंच मावतं, ऋण बाजू धन बाजूच्या दुप्पट. नऊ बिट घे आणि १७० तसाच ठेव, २५६ ची जागा धनच आहे.