पाणी वाढवू नये, विभागून द्यावे

भाऊ, हरळीचे बी पेरल्यावर पाइपने दोन वेळा पाणी देऊनही बी उताराकडे गोळा होते, असे आपण लिहिले आहे; त्यावर इथे आधी कुणी दिलेला पाणी वाढवण्याचा सल्ला मला पटत नाही. आपल्या यवतमाळकडची काळी जमीन भिजली की फुगते, पाणी मुरण्याऐवजी वाहू लागते आणि बारीक बी सोबत नेते, तर दुपारच्या उन्हात तोच थर वाळून कडक पापुद्रा धरतो व कोंब अडतो. म्हणून उगवण होईपर्यंत, साधारण ७ ते १५ दिवस, झारीने दिवसातून तीनदा हलके शिंपडून वरचा एक-दोन सेंटिमीटर थर ओलसर ठेवावा. (वीज रात्रीच येत असेल, तर टाके भरून ठेवणे आलेच.) मुळे धरल्यावर मात्र पाळ्या कमी करून पाणी खोलवर मुरू द्यावे.