कुकीच्या वाट्या आणि भट्टीवरची नानकटाई: तुमचेही अनुभव लिहा

सांजवात
काल लेकीने मफिन ट्रेमध्ये कुकीच्या वाट्या केल्या. नानकटाईचंच पीठ, खळग्यांत दाबून भाजलेलं, मधे खड्डा करून आत घट्ट श्रीखंड. ओव्हनचं दार उघडलं, तूप-वेलचीचा वास आला आणि मी थेट साताऱ्यातल्या आमच्या गल्लीतल्या भट्टीसमोर जाऊन उभी राहिले.

दिवाळीच्या आठ दिवस आधी आई आम्हा बहीणभावाला तिथे पाठवायची. मैदा, तूप, पिठीसाखर सगळं घरून मोजून न्यायचं. नंबर लागायला रात्रीचे नऊ वाजायचे. भट्टीवाले काका आपल्यासमोर पीठ मळायचे, काळ्या पत्र्यांवर गोळे मांडायचे आणि लांब दांड्याच्या फळीने पत्रे आत सारायचे. पत्रा बाहेर आला की नानकटाई बोटाने दाबून बघायची नाही, ही सक्त ताकीद. गरम असताना ती मऊच असते, गार झाल्यावर खुटखुटीत होते.

डब्याच्या तळाला जो चुरा उरायचा त्यावरून आमची भांडणं. मग आई तो चुरा दोन वाट्यांत दाबून बसवायची आणि वर चक्का-साखर घालून द्यायची. दोघांना सारखं. कालच्या वाट्या म्हणजे अगदी तेच होतं.

भावाशी वर्षभर बोलणं नव्हतं. काल फोटो पाठवला. दहा मिनिटांनी उत्तर आलं, "चुरा कुठाय?"

तुमच्याकडे असं काही असेल तर लिहा ना.

पेणकरीण
अगं वाचताना गळा दाटून आला. बोल त्याच्याशी. आज फोन कर.

तिन्हीसांज
आमच्याकडे डब्यावर चिकटपट्टी लावून आडनाव लिहायचे, नाहीतर डबे बदलायचे. एकदा खरंच बदलला. दुसऱ्यांची डालड्यातली नानकटाई आमच्याकडे आणि आमची साजूक तुपातली त्यांच्याकडे. आजी दोन दिवस जेवताना तोच विषय काढत होती.

निगडीकर
माझ्या वाट्या दोनदा बसल्या. खळग्यात नीट कडेपर्यंत चढवल्या होत्या, भाजताना सगळं पीठ तळाला. कुणी सांगेल का काय चुकतंय? रविवारी मुलाचा वाढदिवस आहे, 10-12 मुलं येणार.

ओटीजीवाली
@निगडीकर तूप वितळवून घातलंत का? तिथेच गडबड होते. तूप थिजलेलं, रवाळ हवं, आणि साखरेबरोबर पांढरं होईपर्यंत फेसायचं. बटरमध्ये साधारण 80 टक्के स्निग्धांश असतो, बाकी बरंचसं पाणी. तुपात पाणी जवळजवळ नसतंच, आणि ओव्हनमध्ये ते पटकन वितळून पीठ खाली घसरतं.

माझं माप: एक वाटी तूप, पाऊण वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा, दोन चमचे बेसन, चिमूट मीठ. नानकटाईला साखर तुपाइतकी घेतात, वाट्यांना कमी घ्या, साखर जास्त झाली की पसरतात. सोडा अजिबात नको. नानकटाईला भेगा पडलेल्या छान दिसतात, वाटीला भेग पडली तर सारण गळेल. खळग्यात दाबून ट्रे 20 मिनिटं फ्रीझरमध्ये, मग तसाच गार ट्रे 170 अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये. 15 मिनिटांत कडा बदामी होतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. बाहेर काढल्यावर मधला भाग फुगलेला दिसेल. लगेच, गरम असतानाच, लाटण्याच्या टोकाने किंवा छोट्या पेल्याच्या बुडाने हलकेच दाबा. दोन मिनिटं थांबलात तर तडा जातो. दाबून झालं की हात लावू नका, पूर्ण गार होऊ द्या, मग सुरीचं टोक कडेने फिरवून सोडवा. एवढ्यात 12 होतात.

निगडीकर
वितळवलेलंच घातलं होतं! खूप आभार. आजच करून बघतो.

एडिसनकर
इथे अमेरिकेत सगळे दुकानातलं तयार कुकीचं पीठ मफिन ट्रेमध्ये टाकतात आणि मधे चॉकलेट खुपसतात. 350 फॅरनहाइट, म्हणजे तुमचे 177. मुलाच्या शाळेत एकदा केले, आत पीनट बटर, आणि वर्गात एकाला शेंगदाण्याची ॲलर्जी निघाली. वेळेवर कळलं म्हणून बरं. तेव्हापासून कुठेही न्यायचं तर आधी विचारते. @निगडीकर तुम्हीही पालकांना विचारून घ्या.

पेणकरीण
एडिसनकर तुमच्याकडे बर्फ पडला का? माझी भाची तिकडेच आहे, फोन लागत नाहीये

एडिसनकर
पडला, पण लाइट आहेत. काळजी करू नका. व्यनि (खाजगी निरोप) करा, मी बघते.

म्हापशाहून
आमची शेजारीण नाताळच्या कुस्वारात, म्हणजे फराळाच्या ताटात, नेवऱ्या, बोलिन्हां, दोदोल सगळं पाठवते. बोलिन्हां म्हणजे रवा-नारळाची बिस्किटं. मी त्याच पिठाच्या वाट्या करून आत चून भरलं, म्हणजे गूळखोबरं. चून कोरडं परतून घ्यायचं, वाटी दुसऱ्या दिवशीही कुरकुरीत राहते. तिला नेऊन दिल्या तर म्हणाली पुढच्या नाताळाला ताटात ह्याच ठेवूया. इतका आनंद झाला मला!

तिन्हीसांज
श्रीखंडाने वाटी मऊ पडते का?

सांजवात
पडते. लेकीने आतून वितळलेलं पांढरं चॉकलेट ब्रशने लावलं होतं, ते घट्ट झाल्यावर श्रीखंड. तरी वाढायच्या अर्धा तास आधीच भरा. चक्का रात्रभर टांगलेला हवा.

शेवगावची
ओव्हन नव्हता तेव्हा मी कुकरात केल्यात. तळाला जाड मीठ, त्यावर जाळी, शिट्टी आणि रिंग काढून दहा मिनिटं मंद आचेवर तापवायचा. स्टीलच्या लहान वाट्यांना आतून तूप लावून पीठ दाबायचं. एका वेळी चारच बसायच्या. लोडशेडिंगच्या दिवसांत ओव्हन असता तरी काय उपयोग होता, कुकर गॅसवर चालायचा. माझ्या दोन्ही पोरांचे वाढदिवस त्या चार-चार वाट्यांवर झालेत. धाकटा आता बेंगळुरूला असतो, अजून विचारतो "कुकरातल्या करणार का?"

पेणकरीण
शेवगावची, तुम्हाला नमस्कार 🙏

भैरू
अप्पेपात्रात होतील का?

ओटीजीवाली
बिडाचं असेल आणि दांडा लाकडी-प्लास्टिकचा नसेल तर ओव्हनमध्ये चालेल. तळ गोल येतो, ताटलीत लवंडतात. खाली थोडा चुरा पसरून त्यावर बसवा.

निगडीकर
झाल्या!! 12 पैकी 11 अखंड. बारावी मुलाने गरमच उचलली.

सांजवात
निगडीकर, वा! रविवारचा फोटो टाका.

भावाचा फोन आला होता. पाऊण तास बोललो. आईचं माप त्याच्या लक्षात आहे, माझ्या नाही. तुपाची वाटी सपाट आणि मैद्याच्या शिगोशिग. शनिवारी येतोय, पितळी डबा त्याच्याकडे आहे तो घेऊन.

भैरू
माझं नॉनस्टिक आहे. बिडाचं कुठे मिळेल पुण्यात?

तिन्हीसांज
तुळशीबागेत बघ. जड आहे, पिशवी कापडी ने.