कार्टर सिद्धांत: धोरण घडवलं, की घडलेल्या धोरणाला नाव दिलं?

पारावरचा
कार्टर सिद्धांतासारख्या, अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या नावाच्या परराष्ट्र धोरणांचं आपल्याकडे उगाच कौतुक होतं. मन्रोने १८२३ मध्ये युरोपला 'अमेरिका खंडांत नव्या वसाहती नकोत' असं बजावलं, पण ते निभवायला आरमार होतं कुठे? दक्षिण अमेरिकेतला व्यापार हवा म्हणून ब्रिटिश नौदलानेच ते काम केलं. त्याच ब्रिटनने १८३३ मध्ये दक्षिण अमेरिकेजवळची फॉकलंड बेटं घेतली, तेव्हा वॉशिंग्टन गप्प.

कार्टरचंही तसंच. तेहरानमध्ये अमेरिकी ओलीस, अफगाणिस्तानात सोव्हिएत रणगाडे, निवडणूक तोंडावर. २३ जानेवारी १९८० ला ते म्हणाले, पर्शियन आखात ताब्यात घेऊ पाहणाऱ्या बाहेरच्या शक्तीला गरज पडल्यास लष्करी बळाने परतवू. भाषण झालं नसतं तरी तेलासाठी अमेरिका तिथे गेलीच असती.

खिडकीतली
साफ असहमत. आधीचं धोरण काय होतं ते बघा. निक्सनने १९६९ मध्ये ग्वाममध्ये सांगितलं होतं की मित्रदेशांनी आपापले सैनिक उभे करावेत, आम्ही मदत करू. आखातात हे काम इराणच्या राजाकडे, शहाकडे होतं, त्याला शस्त्रंही भरभरून दिली. १९७९ मध्ये शहाची सत्ताच गेली! मग 'आम्ही स्वतः उतरू' म्हणत कार्टरने चालू धोरण उलटवलं. मार्च १९८० मध्ये जलद तैनाती दल आलं, त्यातूनच १९८३ मध्ये सेंट्रल कमांड, म्हणजे या भागासाठीचं अमेरिकी लष्करी मुख्यालय. कुवेत १९९० मध्ये सद्दामच्या इराकच्या हाती पडलं तेव्हा फौजा हलवणारी यंत्रणा तयार होती, ती काय आपोआप उगवली?

पारावरचा
यंत्रणा मान्य. पण इशारा 'बाहेरच्या' शक्तीला होता, म्हणजे मॉस्कोला. सद्दाम कुठे बाहेरचा? १९८७ मध्ये कुवेती टँकरांवर अमेरिकी झेंडे लावून संरक्षण दिलं, तेही इराणपासून. हवा तसा ताणता येतो तो नियम कसला?

नाक्यावरून
तुम्ही दोघंही मॉस्को-तेहरानकडे बघताय. माझ्या मते सिद्धांताचा खरा श्रोता अमेरिकी काँग्रेस, म्हणजे पैसे मंजूर करणारी तिथली संसद. ट्रूमन सिद्धांत बघा. ब्रिटनने फेब्रुवारी १९४७ मध्ये कळवलं, ग्रीस-तुर्कस्तानचा भार आता झेपत नाही. ट्रूमनना हवे होते ४० कोटी डॉलर. नुसत्या ग्रीससाठी कोण देणार? म्हणून १२ मार्चच्या भाषणात सगळ्या जगातल्या 'स्वतंत्र लोकां'ना पाठिंब्याची भाषा आली. मे महिन्यात कायदा झाला. पैसे सुटले, पण तो व्यापक शब्दही मागे राहिला आणि पुढच्यांना उपयोगी पडला.

खिडकीतली
हेच तर म्हणतेय! शब्द मागे राहतो.

पारावरचा
मग सप्टेंबर २०१९ चं काय? सौदीच्या अबकैक तेल प्रकल्पावर हल्ला झाला, सौदीचं जवळपास निम्मं तेल उत्पादन काही काळ बंद पडलं. अमेरिकेनेच इराणवर ठपका ठेवला, आणि ट्रम्पनी बॉम्ब टाकले नाहीत.

खिडकीतली
बॉम्ब नाही, पण जादा सैनिक आणि पॅट्रियट ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा सौदीत पाठवली. कोणाच्या हाताखाली? सेंट्रल कमांडच्याच.