पीआयडी फाईलवर विसंबू नका
भाऊ, जिनिंगच्या वजनकाट्याचा प्रोग्राम चालू आहे का, हे पीआयडी फाईल (प्रोग्राम आपला प्रोसेस नंबर जिथं लिहून ठेवतो ती फाईल) वाचून ठरवा असं काही जण सुचवतात. आपल्या यवतमाळकडच्या खेड्यात लाईन कधी जाईल याचा नेम नाही. मशीन धाडकन बंद पडली की फाईल तशीच राहते, अन् नंतर तोच नंबर भलत्याच प्रोसेसला (चालू प्रोग्रामला) मिळू शकतो.

लिनक्सवर त्या नंबरला किल (kill) कॉलने, म्हणजे प्रोसेसला सिग्नल पाठवायच्या सोयीने, ० सिग्नल द्या. नावाला घाबरू नका, मरत काही नाही. ईएसआरसीएच (ESRCH) ही एरर आली तर प्रोसेस नाही. ईपर्म (EPERM) ही एरर आली तर प्रोसेस आहे, फक्त तुम्हाला परवानगी नाही (इथंच लोक फसतात). झोम्बीलाही (संपलेली, पण यादीतून अजून न निघालेली प्रोसेस) किल ‘आहे’च म्हणतो.

मी तर सरळ फ्लॉक (flock, फाईलवर लॉक लावायची सोय) वापरतो; लॉक लागलेला असेल तर प्रोग्राम चालू आहे. प्रोसेस कशीही मेली तरी कर्नल (लिनक्सचा गाभा) लॉक सोडतो. फक्त त्या फाईलचा डिस्क्रिप्टर (उघड्या फाईलचा नंबर) चाईल्डकडे, म्हणजे त्या प्रोसेसने सुरू केलेल्या दुसऱ्या प्रोसेसकडे, गेला नाही ना, तेवढं बघा.